श्वानांतील मेंदूदाह : रक्ततपासणी काय सांगते, काय सांगत नाही

स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा रक्तक्षयावर किंवा मधुमेहावर काही लिहावे असे मनात होते. परंतु त्या विषयांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. म्हणून या वेळी चार पायांच्या एका रुग्णाविषयी लिहितो. माणसांच्या डॉक्टरने पशुवैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकावे हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण त्या प्रसंगात कुत्र्याइतकीच त्याच्या घरातील माणसेही गुंतलेली होती, आणि तेथे आपला संबंध येतोच.

सिल्वासात पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा चालविताना अधूनमधून कुत्र्याच्या रक्ताची नळी समोर येते. पशुवैद्य रक्त काढून देतात आणि मालक ते घेऊन आपल्या दारी येतो, कारण पशूंसाठी वेगळी प्रयोगशाळा गाठायची तर लांबचा प्रवास करावा लागतो. श्रावणातल्या एका सकाळी असेच एक परिचित गृहस्थ आले. बरोबर सहावीत शिकणारी मुलगी. त्यांच्या घरी चार वर्षांचा पग जातीचा कुत्रा, नाव ब्रुनो. दोन दिवसांत त्याला तीन वेळा आकडी आली होती. मधल्या काळात तो डावीकडेच गोल गोल फिरे, भिंतीच्या कोपऱ्यात डोके दाबून उभा राही आणि उजव्या बाजूला ठेवलेले ताट त्याला दिसत नसे. मुलीने मला विचारले, "काका, ब्रुनो बरा होईल ना?" मी म्हटले, रक्त तर पाहू.

दुपारपर्यंत अहवाल तयार झाला. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड यांत कोठेच दोष नव्हता. गृहस्थांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "म्हणजे डॉक्टरसाहेब, मेंदूला काही नाही. आणि ते पिसाळण्याचंही काही नाही ना?" असे म्हणत त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याजवळ दाताची खूण होती. आकडी आली असता जीभ चावू नये म्हणून त्यांनी कुत्र्याच्या तोंडात हात घातला होता. ब्रुनोच्या लसीकरणाच्या कार्डावर रेबीजच्या लसीची तारीख उलटून वर्ष झाले होते.

त्यांचा प्रश्न साधा होता, पण त्यातील 'म्हणजे' या शब्दापाशी मी थांबलो. रक्त निर्दोष, म्हणजे मेंदू निर्दोष, हे अनुमान सुशिक्षित माणूस सहज करतो. खरे सांगायचे तर आपल्यापैकी पुष्कळ डॉक्टरही घाईत तेच करतात.

मेंदूभोवतीचे कुंपण

१८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये सोडली, तेव्हा सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र पांढराच राहिला. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य गोल्डमन यांनी उलट प्रयोग केला. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कुंपण आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की रक्तातील बहुतेक गोष्टी आत शिरू शकत नाहीत आणि आतल्या गोष्टी सहसा बाहेर येत नाहीत.

या कुंपणाचे दोन परिणाम निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. फुप्फुसाला सूज आली, गर्भाशयात पू झाला, तर पांढऱ्या पेशी वाढतात आणि सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन चढते. मेंदूत मात्र लसीकापेशींची गर्दी उसळलेली असताना बाहेरच्या रक्तात त्याची वार्ताही नसू शकते. पग, माल्टीज, चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशा लहान जातींत जो मेंदूदाह विशेष आढळतो, त्यात कोणताही जंतू सापडत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदूवर उलटते. त्याला पशुवैद्य 'कारण अज्ञात असलेला मेंदू व मेंदूआवरणदाह' असे लांबलचक नाव देतात. या आजारात सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन बहुधा वाढत नाही. उलट तरुण बीगल, बॉक्सर अशा कुत्र्यांत मेंदूच्या आवरणांचा व तेथील रक्तवाहिन्यांचा एक दाह होतो. मान ताठते, ताप येतो, स्टिरॉइडने उतार पडतो. त्या आजारात हेच प्रथिन चांगले वाढते, आणि उपचार लागू पडतो आहे की नाही हे त्याच्या उतरत्या आकड्यावरून पाहता येते. एकाच तपासणीचे मोल शेजारशेजारच्या दोन आजारांत असे निरनिराळे आहे.

येथे प्रयोगशाळा चालविणाऱ्या मित्रांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. माणसाच्या सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीनसाठी बनविलेले प्रत्येक किट कुत्र्याचे प्रथिन ओळखतेच असे नाही. त्यातील प्रतिपिंडे माणसाच्या प्रथिनावर बेतलेली असतात. कुत्र्याच्या रक्तावर पडताळलेले किट नसेल, तर 'निगेटिव्ह' या उत्तराला काडीचाही अर्थ नाही. सुरुवातीच्या काळात मी स्वतः असे एक-दोन अहवाल दिले आहेत, आणि त्याची चुटपुट अजून आहे.

मग रक्त तपासावेच कशाला?

कुत्र्याला आकडी येते, तो अडखळतो, भान हरपते, तेव्हा मूळ दोष मेंदूतच असेल असे नाही. तो इतरत्र असू शकतो, आणि तेथे रक्ततपासणी फार मोलाची ठरते. खेळण्याएवढ्या लहान जातीचे पिल्लू काही तास उपाशी राहिले तर साखर खाली जाऊन त्याला झटके येतात. पिल्लांना पाजणारी कुत्री कॅल्शियम घसरल्याने थरथरते, ताठरते, ताप इतका चढतो की मेंदूज्वरच वाटावा. शिरेतून कॅल्शियम सावकाश दिले की काही मिनिटांत ती सावरते. जन्मतःच यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी असलेल्या पिल्लात अमोनिया व पित्ताम्ले साचतात आणि जेवणानंतर ते गुंगीत जाते. गोचीड मारण्यासाठी शेतीचे कीटकनाशक अंगावर चोळण्याचा प्रकार आपल्या भागात अजूनही चालतो. त्याची विषबाधा लाळ, थरथर आणि झटके या रूपांत दिसते, आणि रक्तातील कोलिनएस्टरेज या विकराची मात्रा उतरलेली आढळते. ही सारी कारणे रक्तातून ओळखता येतात, त्यांवर उपचार आहेत, आणि ती ओळखली नाहीत तर मेंदूच्या सुजेचा निष्फळ शोध चालू राहतो.

साखरेच्या बाबतीत मात्र नमुना कसा आला हे आधी पाहावे. साध्या नळीतले रक्त तसेच ठेवले तर रक्तपेशी त्यातील साखर खात राहतात आणि तासागणिक पाच ते सात टक्के साखर कमी होते. खानवेलहून दुचाकीच्या डिकीतून तीन तासांनी आलेल्या नळीत साखर कमी दिसली, तर ती कुत्र्यात कमी होती की नळीत, हे कोण सांगणार? अशा नमुन्यासाठी फ्लुओराइडची नळीच हवी.

दुसरा मोठा गट जंतूंचा. पावसाळ्यात गोचिडांचा जो सुकाळ होतो त्यातून एर्लिखिया नावाचा जीवाणू कुत्र्यात शिरतो. वर ज्यांचा उल्लेख आला त्या पॉल एर्लिख यांच्या सन्मानार्थ त्याला हे नाव मिळाले. रक्त आणि मेंदू यांमधील कुंपणाची चाहूल ज्यांना लागली, त्यांच्याच नावाचा जंतू कधी कधी ते कुंपण ओलांडून मेंदूआवरणाचा दाह करतो, हा योगायोग गमतीचा आहे. या आजारात प्लेटलेट घसरतात. काचेवर नीट रंगविलेल्या रक्तात, मोनोसाइट पेशींच्या आत, तुतीच्या फळासारखा जंतूंचा पुंजका क्वचित दिसून जातो. दिसला तर निदान झालेच. न दिसला तर काहीच सिद्ध होत नाही. पट्टीवरची प्रतिपिंडांची तपासणी सोपी आहे, पण आजार बरा झाल्यावरही ती कित्येक महिने होकारार्थी राहते. त्यामुळे गोचिडांच्या भागातल्या कुत्र्याची पट्टी उमटली म्हणून त्याच्या आकडीचे कारण एर्लिखियाच, असे म्हणता येत नाही. प्लेटलेट कमी, ताप, गोचीड आणि पीसीआर तपासणी यांचा मेळ बसला तर डॉक्सिसायक्लिन सुरू करावे. प्लेटलेटचा आकडाही यंत्रावर सोडून चालत नाही. रक्त काढताना गाठी झाल्या की यंत्र निम्म्याच प्लेटलेट मोजते. काच डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी आता तो आकडा लिहीत नाही.

काचेवरून आठवले. सर्रा हा घोडे, उंट, गुरे आणि कुत्रे यांचा आजार. चावऱ्या माश्यांमधून पसरणारा ट्रिपॅनोसोमा नावाचा परजीवी त्याला कारण होतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये, तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे, तो आजारी जनावरांच्या रक्तात पाहिला. कुत्र्यात तो डोळ्यांचे बुबुळ पांढुरके करतो, पंडुरोग आणतो आणि काहींच्या मेंदूवरही परिणाम करतो. ताज्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला की सूक्ष्मदर्शकाखाली तो वळवळताना दिसतो; रंग लागत नाही की यंत्र लागत नाही. हा परजीवी माणसाला होत नाही, असे आपण सारे शिकलो होतो. परंतु २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला महिनोन्महिने येऊन-जाऊन ताप येत होता, आणि त्याच्या रक्ताच्या काचेवर हाच परजीवी दिसला. या जातीच्या ट्रिपॅनोसोमाने माणसात घडविलेला, रीतसर नोंदला गेलेला हा जगातील पहिला रुग्ण. त्याचा वृत्तांत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. पुढे असे आढळले की या परजीवीला मारणारे जे प्रथिन सर्वसाधारण माणसाच्या रक्तात असते, तेच त्याच्या रक्तात नव्हते. मलेरियासाठी काच पाहणाऱ्या कोणा डोळसाने ती घाईने बाजूला सारली असती तर? विदर्भातील ही घटना मी प्रयोगशाळेतल्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

डिस्टेंपर : गीरपासून वासोण्यापर्यंत

लस न दिलेल्या कुत्र्यांत मेंदूदाहाचे मोठे कारण म्हणजे डिस्टेंपर. त्याचा विषाणू आपल्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. १९०५ मध्ये फ्रान्सच्या कारे यांनी हा विषाणूजन्य आजार असल्याचे दाखविले. आधी डोळे-नाकातून स्राव, खोकला, जुलाब. मग काही आठवड्यांनी, कुत्रा बरा झाला असे वाटत असतानाच, जबडा च्युइंगम चघळल्यासारखा हलू लागतो, एखादा पाय झोपेतही ठेका धरल्यासारखा उडत राहतो. गोवर होऊन गेल्यावर वर्षांनी मुलाच्या मेंदूचा जो संथ नाश होतो, त्याची आठवण बालरोगतज्ज्ञांना येथे होईलच.

रक्त येथे उपयोगी पडते, पण वेळ साधली तरच. आजाराच्या पहिल्या काळात लसीकापेशी कमी होतात, आणि लाल व पांढऱ्या पेशींच्या आत विषाणूचे लालसर गोळे क्वचित दिसतात. पीसीआरला रक्तात विषाणू सापडतो. परंतु मेंदूची लक्षणे दिसू लागेपर्यंत विषाणू रक्तातून नाहीसा झालेला असू शकतो. तेव्हा लघवी, डोळ्याच्या पापणीआतील स्राव किंवा मणक्यातील पाणी यांत तो शोधावा लागतो. प्रतिपिंडे आढळली तर ती रोगाची की लसीची, हा प्रश्न उरतो. नुकतीच लस दिली असेल तर पीसीआरही काही काळ फसवू शकते.

हा आजार कुत्र्यांपुरता राहत नाही. १९९४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीत सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तेथील तिसरा हिस्सा, डिस्टेंपरने गेले. सिंहांना झटके येताना लोकांनी पाहिले. आपल्या शेजारी गीरमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये दलखाणिया भागात २३ सिंह मृत्युमुखी पडले. त्यांतील काहींचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत गेले आणि तेथे डिस्टेंपरचा विषाणू ओळखला गेला. काही सिंहांत गोचिडांमार्फत येणारा बॅबेसिया हा रक्तातील परजीवीही होता. मग अमेरिकेतून लस मागवावी लागली. सिल्वासाजवळ वासोणा येथे सिंह सफारी आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांना ठाऊक आहे. भोवतालच्या पाड्यांवर कुत्रीही आहेत. त्यामुळे एखाद्या पाड्यावरचे कुत्रे झटके येऊन मेले, ही बातमी पशुवैद्यक खात्यापर्यंत पोहोचली पाहिजे. आपल्याकडे आलेल्या अशा नमुन्याची नोंद ठेवण्यास फार कष्ट पडत नाहीत.

रेबीज रक्तात शोधू नये

आता त्या गृहस्थांच्या अंगठ्याकडे येतो. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून मज्जातंतूंच्या आतून मेंदूकडे जातो आणि मेंदूतून लाळग्रंथीत उतरतो. रक्ताचा मार्ग तो धरत नाही. म्हणून जिवंत कुत्र्याच्या रक्तात रेबीज आहे की नाही, हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. रक्तातील रेबीजची प्रतिपिंडे मोजता येतात, पण ती लस कितपत लागू पडली हे दाखवितात. कुत्रा पिसाळला आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नसते. खात्रीचे निदान मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतीवर चमकणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी करून होते. १९०३ मध्ये नेग्री यांनी वर्णिलेले पेशींतील गोळे दिसले तर ठीक. न दिसले तरी रेबीज नाही असे ठरत नाही.

दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवण्याचा नियम सर्वांना पाठ आहे, पण तो चावतेवेळी निरोगी दिसणाऱ्या कुत्र्यासाठी आहे. कुत्र्याला आधीच मेंदूची लक्षणे असतील तर वाट पाहण्याची सवलत माणसाला नाही. मी त्या गृहस्थांना अहवालाचा कागद बाजूला ठेवायला सांगितले, नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे हात धुवायला लावला आणि त्याच तासाला रुग्णालयात पाठविले. तेथे जखमेत इम्युनोग्लोब्युलिन भरले गेले आणि लसीचा क्रम सुरू झाला. मुलीच्या हातावर ओरखडे होते आणि ब्रुनोने ते चाटले होते, हे तिने रुग्णालयात गेल्यावर सांगितले. तिलाही लस दिली गेली. ज्यांनी कुत्र्याचे रक्त काढले होते त्या पशुवैद्यांना मी फोन केला. त्यांनी आपली लस आधीच वेळेवर घेतलेली होती. अशा कुत्र्याचे रक्त काढताना मुसके, जाड हातमोजे आणि कमीत कमी माणसे, ही त्यांची रीत आपणही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नव्या खुणा

कुंपण मोडले की आतल्या वस्तू थोड्याशा बाहेर झिरपतात. त्या ओळखता आल्या तर रक्तावरून मेंदूचे नुकसान मोजता येईल, ही कल्पना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आकाराला आली. मेंदूतील ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशींत ग्लायल फायब्रिलरी अॅसिडिक प्रोटीन नावाचे तंतुमय प्रथिन असते. संक्षेपात त्याला जीएफएपी म्हणतात. चेतातंतूंच्या सांगाड्यात न्यूरोफिलॅमेंट असते. पेशी फुटल्या, तंतू तुटले की ही प्रथिने रक्तात येतात, पण मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम इतकीच. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतके मोजणारी यंत्रे आली तेव्हा हे शक्य झाले. डोक्याला मार लागलेल्या माणसांसाठी जीएफएपीसह दोन प्रथिनांच्या रक्ततपासणीला अमेरिकेत फेब्रुवारी २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

यात कुत्र्यांचा, विशेषतः पगचा, वाटा लहान नाही. आपल्याकडे २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पगला घराघरांत नेले. पण त्याच्या मेंदूचा ऊतिनाशी दाह पशुवैद्यकात १९८९ मध्येच कॅलिफोर्नियातून वर्णिला गेला होता. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी अशा पगच्या शरीरात स्वतःच्याच मेंदूविरुद्धची प्रतिपिंडे दाखविली, आणि पुढे ती जीएफएपीविरुद्ध असल्याचे समजले. माणसात याच प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा मेंदूदाह २०१६ मध्ये मेयो क्लिनिकमधून वर्णिला गेला. कुत्र्याची वार्ता येथे माणसाच्या आधी आली. मात्र तीच प्रतिपिंडे मेंदूच्या इतर आजारांत आणि काही निरोगी पगमध्येही आढळली, त्यामुळे एकट्याने निदान करण्याची त्यांची योग्यता राहिली नाही.

प्राण्यांच्या स्वयंप्रतिकारी मेंदूदाहाची एक प्रसिद्ध कथा बर्लिनची आहे. तेथील प्राणिसंग्रहालयातील क्नूट हे ध्रुवीय अस्वल १९ मार्च २०११ रोजी लोकांच्या डोळ्यांदेखत गोल फिरले, त्याला आकडी आली आणि ते पाण्यात पडून मेले. जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून २०१५ मध्ये निदान झाले. माणसांत २००७ मध्ये वर्णिलेला, मेंदूतील एनएमडीए ग्राहींविरुद्धच्या प्रतिपिंडांचा दाह त्याला होता. ही प्रतिपिंडे मणक्यातील पाण्यात मिळाली. जिवंतपणी शोधण्याची सोय झाली असती तर काय झाले असते, असा विचार मनात येतोच.

कुत्र्यांतील रक्ताच्या नव्या अभ्यासांत असे दिसले की मेंदूदाह झालेल्या कुत्र्यांच्या रक्तात न्यूरोफिलॅमेंट आणि जीएफएपी निरोगी कुत्र्यांपेक्षा जास्त असतात. याचा उपयोग आहे. जन्मजात फिटचा आजार आणि मेंदूची सूज यांत गोंधळ असेल, तर वाढलेला आकडा सुजेकडे बोट दाखवितो आणि मालकाला पुढच्या खर्चिक तपासण्यांसाठी तयार करतो. परंतु गाठ असो, पक्षाघात असो, मार लागलेला असो, चेतातंतू तुटला की हे प्रथिन येणारच. वयानुसारही ते वाढते. नुकसान झाले आहे एवढे त्यावरून कळते, कोणी केले ते कळत नाही. रक्तातून थेट मेंदूतील शत्रूचे नाव सांगणाऱ्या तपासण्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. क्रिप्टोकोकस या बुरशीच्या प्रतिजनाची तपासणी त्यांपैकी एक.

म्हणून आजही एमआरआय आणि मणक्यातील पाणी यांना पर्याय नाही. त्यांतही खाचखळगे आहेत. या दाहात मणक्यातील पाणी काही वेळा अगदी स्वच्छ निघते, आणि कवटीतील दाब वाढलेला असताना ते काढले तर जिवाला धोका होतो. भूल द्यावी लागते. ही सोय मुंबईसारख्या मोठ्या शहरांतच मिळते आणि खर्च मध्यमवर्गीय घराला सहज परवडणारा नाही. ज्यांना तेथवर जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी पशुवैद्य रक्ताच्या तपासण्यांनी जंतू आणि चयापचयाची कारणे शक्य तितकी बाजूला सारून स्टिरॉइडचा निर्णय घेतात. अंधारात उडी मारण्यापेक्षा हे खूप बरे. जंतुसंसर्ग असताना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले तर काय होते, हे आपणा डॉक्टरांना सांगायला नको.

ब्रुनोला त्याचे मालक मुंबईस घेऊन गेले. त्याआधी सिल्वासात त्याला वेगळ्या खोलीत ठेवून दहा दिवस पाहिले गेले; आकडीच्या औषधाने झटके थांबले, तो खाऊ लागला. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात सूज दिसली, मणक्यातील पाण्यात लसीकापेशी वाढलेल्या होत्या, विषाणू व परजीवी यांच्या तपासण्या नकारार्थी आल्या. प्रेडनिसोलोन आणि सायटोसिन अॅराबिनोसाइड सुरू झाले. गृहस्थ आणि मुलगी यांनी लसीचा क्रम पूर्ण केला. कुत्रा जगला म्हणून तो मध्येच सोडावा, असे त्यांना एकदा वाटले होते, पण आजारी कुत्र्याच्या बाबतीत आम्ही ती सूट घेऊ दिली नाही.

त्यानंतर दर महिन्याला त्याचे रक्त माझ्याकडे येई. सायटोसिनमुळे पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून त्या मोजायच्या, स्टिरॉइडमुळे साखर वाढते म्हणून ती पाहायची. तिसऱ्या महिन्यात माझ्या तंत्रज्ञाने धावत येऊन सांगितले, "सर, अल्कलाइन फॉस्फेटेज हजाराच्या वर गेलंय, यकृत गेलं वाटतं." यकृत गेले नव्हते. कुत्र्याच्या यकृतात स्टिरॉइडमुळे या विकराचा एक निराळा प्रकार तयार होतो, माणसात तो होत नाही. अहवालाखाली तशी ओळ लिहून मी तो पशुवैद्यांकडे पाठविला. ब्रुनो त्यानंतर चौदा महिने जगला. डावीकडे वळण्याची खोड शेवटपर्यंत राहिली, पण उजव्या बाजूचे ताट त्याला पुन्हा दिसू लागले होते.